वीटकामात बसवलेली लाकडाची भट्टी: इन्सुलेशन आणि मोकळ्या जागेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातलं सावजी भोजनालय असो, लग्नाच्या ऑर्डरी घेणारं केटरिंग किचन असो की काटोल रोडवरच्या फार्महाऊसचं मागचं स्वयंपाकघर, लाकडाची पक्की भट्टी बांधताना सगळ्यांचं लक्ष तोंडाकडे असतं. आच कशी लागते, गंज (मोठं पातेलं) नीट बसतो का, धूर डोळ्यांत येतो का, हे सगळे बघतात. भट्टीचा खरा धोका मात्र तिच्या पाठीला असतो, आणि ती पाठ एकदा बांधून झाली की कुणी बघत नाही. म्हणून इथले बहुतेक प्रश्न पाठीबद्दलचे आहेत.

भट्टी घराच्या भिंतीला टेकवून बांधली तर काय बिघडतं? भिंत तर विटांचीच आहे.

वीट जळत नाही, पण उष्णता पुढे नेते. तीन-चार तास भट्टी पेटली की साडेचार इंची भिंतीची मागची बाजू हात ठेववणार नाही इतकी तापते, आणि आग विझल्यावरही ती काही तास तापतच राहते, कारण विटांमध्ये साठलेली उष्णता हळूहळू बाहेर येत असते. रात्री अकराला भट्टी बंद केली तरी भिंतीच्या पलीकडचं तापमान त्यानंतरही चढत असतं.

आता त्या भिंतीत काय आहे ते बघा. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत माळ्याच्या सागवानी तुळयांची टोकं भिंतीत रोवलेली असतात आणि वरून गिलावा केलेला असतो, त्यामुळे ती दिसत नाहीत. लाकूड लगेच पेटायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस लागतात. पण तेच लाकूड महिनोन्महिने १०० अंशांच्या आसपास तापत राहिलं, तर आतून काळं पडत जातं, कोळशासारखं भुसभुशीत होतं आणि मग त्याला पेटायला पूर्वीइतकं तापमान लागत नाही. ‘दहा वर्षं काही झालं नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. त्या दहा वर्षांत तुळई पेटायला तयार होत होती.

नव्या बांधकामात तुळया नसतात, पण विजेची पट्टी असते. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी असतं. भट्टीमागून कंड्युट (वायरची नळी) गेलं असेल तर आवरण आधी कडक होतं, मग तडकतं, आणि एखाद्या दिवशी शॉर्टसर्किट होतं. काम सुरू करण्याआधी भट्टीमागचं वायरिंग आणि पाण्याचा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप दुसरीकडून वळवून घ्या.

नेमकं किती अंतर सोडायचं?

फायर ब्रिकचं (आच सोसणाऱ्या विटेचं) अस्तर आणि बाहेरची वीट मिळून भट्टीची भिंत किमान २०० मिलिमीटर जाड असेल, तर मागे लाकूड किंवा कुठलीही जळणारी वस्तू असलेल्या बाजूला १०० मिलिमीटर आणि दोन्ही बगलांना ५० मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. भिंत पूर्ण विटांची असेल, तिच्यात लाकूड आणि वायर नाही याची खात्री असेल, तर मागे ५० मिलिमीटर पुरतात.

वीटकामाशिवाय नुसती लोखंडी भट्टी ठेवायची असेल तर हिशेब एकदम बदलतो. तापलेलं लोखंड सरळ समोर उष्णता फेकतं, म्हणून जळणाऱ्या वस्तूपासून ९०० मिलिमीटर अंतर लागतं. भिंतीपासून २५ मिलिमीटर पुढे, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपच्या तुकड्यांवर, २४ गेजचा पत्रा उभा केला आणि तो खाली-वर किमान २५ मिलिमीटर उघडा ठेवला, तर हेच अंतर ३०० मिलिमीटरपर्यंत आणता येतं. पत्र्यामागची हवा तापून वर जाते, खालून थंड हवा आत येते, आणि भिंत कोमटच राहते. आधाराला लाकडी गुटके लावू नका, आणि आधाराचे खिळे आगीच्या बरोब्बर मागे येऊ देऊ नका.

तोंडासमोर किमान ४०० मिलिमीटर आणि बाजूंना २०० मिलिमीटरपर्यंतची जमीन जळणार नाही अशी हवी. तोंड मोठं असेल तर ५०० आणि ३००.

ती मोकळी जागा सिरॅमिक वूलने (उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या गादीने) भरून टाकली तर आणखी चांगलं नाही का?

नाही. मोकळ्या जागेचं काम हवा खेळवण्याचं आहे. वूल उष्णतेचा वेग कमी करतं, पण ती बाहेर काढून टाकत नाही. तासन्‌तास भट्टी चालली की वूलच्या पलीकडची भिंतही शेवटी तापतेच. वूल भट्टीच्या आत, अस्तराला लागून. आणि भट्टी व घराच्या भिंतीमध्ये फक्त हवा.

ही जागा खाली आणि वर उघडी ठेवून तिथे बारीक लोखंडी जाळी लावा. जाळी नसेल तर सहा महिन्यांत त्या फटीत काय काय जमा होतं ते बॅटरी मारून बघा: गंज पुसायचं तेलकट फडकं, पोत्याचा तुकडा, उंदराने ओढून नेलेला कागद. तेलाने भिजलेलं फडकं तिथे पडलं की सोडलेल्या अंतराचा काही उपयोग उरत नाही.

थर कसे लावायचे आणि माल किती लागतो?

आतून ४५० मिलिमीटर रुंद, ६०० खोल आणि साधारण ४०० उंच अशी भट्टी धरू. दोन मोठे गंज बसतील इतकी ही होते.

आगीला लागून फायर ब्रिक, २३० × ११५ × ७५ मिलिमीटरची. तिन्ही बाजूंच्या भिंतींना पाच थरांत सुमारे ४०, तळाला १९-२०, आणि कापण्या-फुटण्यात जाणाऱ्या धरून ७० विटा आणा. भारतीय मानकांत मध्यम उष्णतेच्या विटांना आयएस ६ आणि जास्त उष्णतेच्या विटांना आयएस ८ आहे. लाकडाच्या भट्टीला आयएस ६ पुरते. जोडणी फायर क्ले मॉर्टरची, आणि सांधा २-३ मिलिमीटरच. जाड सांधा हीच इथली सगळ्यात नेहमीची चूक आहे, कारण मिस्त्रीचा हात बारा मिलिमीटरच्या सिमेंटच्या सांध्याला सरावलेला असतो. मॉर्टर ताकासारखं पातळ करून वीट त्यात बुडवून बसवायला सांगा, सांधा आपोआप बारीक होतो. ७० विटांना ५० किलोची एक बॅग पुरून उरते.

अस्तराच्या बाहेरून २५ मिलिमीटर जाडीचं सिरॅमिक वूल, दोन थर. पहिल्या थराचे जोड दुसऱ्या थराने झाकले गेले पाहिजेत. वूल १२६० अंशांच्या ग्रेडचं, १२८ किलो घनतेचं घ्या. ७.३ मीटर लांब आणि ६१० मिलिमीटर रुंद असा एक रोल साडेचार चौरस मीटरच्या आसपास भरतो. या मापाला कोपऱ्यांसकट अडीच चौरस मीटर लागतं, म्हणजे एका रोलमध्ये काम होऊन चिमणीलाही उरतं.

त्याच्या बाहेर साध्या लाल विटांची साडेचार इंची भिंत. ही भिंत आणि आतलं अस्तर कुठेही एकमेकांत गुंतवू नका. अस्तर तापून फुगतं, बाहेरची भिंत फुगत नाही. मधलं वूल त्या फरकाला जागा देतं. मजबुतीसाठी म्हणून एखादी वीट आडवी घालून दोन्ही जोडले, तर पहिल्याच महिन्यात तिथून उभी भेग जाते आणि त्या विटेतून उष्णता थेट बाहेर येते.

वूल कापताना एन-९५ मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जातात. वूल वर्षानुवर्षं भाजलेलं असेल, म्हणजे जुनी भट्टी फोडताना, पाणी शिंपडूनच काढा.

साधी लाल वीट आत लावली तर? आणि फ्लाय ॲशची वीट?

लाल वीट काही महिने टिकते, मग तिच्या कपच्या निघू लागतात. गावाकडच्या चुलीला ती चालते, कारण ती चूल दर आठवड्याला पोतेऱ्याने लिंपली जाते आणि मोडली तर पुन्हा घातली जाते. रोज आठ तास चालणाऱ्या भट्टीला ती चालत नाही.

फ्लाय ॲशची वीट आत नकोच. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या कोळशाच्या राखेमुळे ती नागपुरात सहज मिळते आणि भिंतीसाठी चांगली आहे, पण ती भाजलेली नसते. सिमेंटने किंवा चुन्याने धरलेली असते. सिमेंटमधला बांधून ठेवणारा भाग ४०० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात मोडतो, आणि वाळूतली गारगोटी ५७३ अंशांना अचानक फुगते. सिमेंटचं मॉर्टर आगीजवळ पिठासारखं गळतं ते याच कारणाने. बाहेरच्या भिंतीला मात्र फ्लाय ॲशची वीट हरकत नाही.

ग्लासवूल स्वस्त मिळतं. ते चालेल?

एसीच्या डक्टला चालतं, भट्टीला नाही. त्यातला तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ साधारण २५० अंशांना जळून जातो, मग वूल खाली बसतं आणि वर पोकळी राहते. रॉकवूलचा तंतू जास्त उष्णता सोसतो, पण चिकट पदार्थाची गत तीच. ते चिमणीच्या बाहेरच्या थंड भागापुरतं वापरा. थर्माकोल आणि पीयू फोम भट्टीच्या आसपासही नकोत. जुना ॲस्बेस्टॉसचा पत्रा किंवा दोरी पडून असेल तर ती कापू नका, दोरीच्या जागी सिरॅमिक रोप मिळतो.

तयार लोखंडी फायरबॉक्स वीटकामात बसवायचा आहे. तो घट्ट बसवायचा का?

अजिबात नाही. लोखंड एका मीटरला, प्रत्येक १०० अंशांना, सुमारे १.२ मिलिमीटर वाढतं. ७०० मिलिमीटर लांब बॉक्स ४०० अंशांनी तापला की साडेतीन मिलिमीटरच्या जवळपास लांबतो. सिमेंटमध्ये आवळला असेल तर तो समोरची वीट ढकलतो किंवा स्वतः वाकतो, आणि वाकला की दार लागत नाही. चारही बाजूंनी १० मिलिमीटर जागा ठेवून तिच्यात सिरॅमिक वूल सैल भरा, समोरच्या फटीत सिरॅमिक रोप बसवा, आणि बॉक्स तळाला एकाच टोकाकडे पक्का करा. दुसरं टोक सरकायला मोकळं राहू द्या.

मटका रोटीच्या भट्टीला हेच सगळं लागतं का?

पाठीचं सगळं हेच. फरक वरच्या कड्याचा आहे. उपडा मटका विटांच्या कड्यावर पूर्ण टेकवला तर कडेला आच पोचत नाही, मटका मध्ये लाल आणि काठाला थंड राहतो, आणि असा मटका तडकतो. तीन ठिकाणी विटेच्या तुकड्यांवर तो टेकवा, मधली फट ओल्या मातीत राखड मळून हलक्या हाताने लिंपा. ही माती दर काही दिवसांनी गळणार आणि पुन्हा लावावी लागणार. सिमेंट लावून कायमचा बंदोबस्त करू नका, नाहीतर मटका बदलताना कडं फुटेल.

हातावर रोटी लांबवून मटक्यावर टाकणाऱ्या बाईचं पोट आणि मांड्या भट्टीच्या पुढच्या भिंतीपासून वीतभरही लांब नसतात. त्यामुळे या भट्टीच्या पुढच्या भिंतीला वूलचे दोन थर टाळू नका. मागची बाजू नीट करून पुढे नुसती वीट ठेवलेल्या भट्ट्या खूप आहेत, आणि ती आच रोज एक माणूस अंगावर घेतो.

पहिल्या मजल्यावर, स्लॅबवर भट्टी बांधता येईल का?

आधी वजन. वर दिलेल्या मापाची भट्टी चिमणी सोडून पाऊण टनाच्या आसपास भरते आणि ते सगळं जेमतेम एका चौरस मीटरवर येतं. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या वापराच्या भारासाठी धरलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एकही वीट वर चढवू नका.

मग उष्णता. फायर ब्रिकच्या तळाखाली ७५ ते १०० मिलिमीटर व्हर्मिक्युलाइट (फुलवलेलं हलकं खनिज) काँक्रीट घाला: पाच भाग व्हर्मिक्युलाइट, एक भाग सिमेंट, आणि मुठीत दाबल्यावर गोळा राहील इतकंच पाणी. त्याच्याही खाली दोन बाजूंनी उघडी अशी १५० मिलिमीटर पोकळी ठेवली तर स्लॅब सुरक्षित राहतो. त्या पोकळीत लाकडं रचून ठेवायचा मोह होतो. ठेवू नका.

ओट्याचा कडप्पा किंवा ग्रॅनाइट भट्टीच्या तोंडाला लावू नका. असमान तापून तो तडकतो, कधी कपची उडते.

चिमणी टिनाच्या छपरातून बाहेर काढताना काय जपायचं?

जास्तीत जास्त चुका इथे होतात. टिन जळत नाही म्हणून निर्धास्त राहतात, पण टिनाखाली लाकडी बल्ल्या असतात, आणि कवेलूच्या (कौलांच्या) छपराला तर वासे-पट्ट्या सगळंच लाकूड. एकेरी पाइपपासून लाकडाला ४५० मिलिमीटर अंतर लागतं, आणि एकेरी पाइप लाकडी छपरातून पार करायचाच नसतो.

छपराच्या अर्धा मीटर खालपासून पाइप दुहेरी करा: आत ३०४ ग्रेडचा स्टीलचा पाइप, त्याभोवती ५० मिलिमीटर सिरॅमिक वूल, बाहेर पत्र्याचं आवरण. या आवरणापासूनही सगळ्या बाजूंनी लाकूड ५० मिलिमीटर लांब हवं. छपरावर पाऊस आत येऊ नये म्हणून पाइपला झालरीसारखी पत्र्याची कॉलर बसवा. फट डांबराने किंवा एम-सीलने बुजवू नका. दोन्ही उन्हातच हार मानतात, चिमणीच्या आचेचं तर विचारूच नका. चिमणीची उंची, ती छपरातून जिथे बाहेर पडते तिथपासून ९०० मिलिमीटर, आणि तीन मीटरच्या आत असलेल्या कुठल्याही उंच भागापेक्षा ६०० मिलिमीटर जास्त ठेवा.

पाइपचं आतलं क्षेत्रफळ भट्टीच्या तोंडाच्या किमान एक दशांश असावं. तोंड ४५० × ३०० असेल तर १५० मिलिमीटर व्यासाचा पाइप बसतो. चिमणी बुटकी असेल तर १८० घ्या. फार मोठा पाइपही बरा नाही. त्यात धूर थंड होतो, वर चढत नाही, आणि आतून डांबरासारखी काजळी धरतो.

फोडणीचा हूड (शेगडीवरचं धूर ओढणारं झाकण) आणि भट्टीची चिमणी एकाच डक्टला जोडता येतात का?

कधीही नाही. हूडच्या डक्टमध्ये तेलाचा थर असतो, सावजी रस्सा करणाऱ्या किचनमध्ये तर बोट लावलं तर बोट माखतं. तिथे भट्टीची एक ठिणगी गेली की पूर्ण डक्ट आतून पेटतो. शिवाय एक्झॉस्ट पंखा जोरात चालला आणि बाहेरची हवा आत यायला वाट नसली, तर तो भट्टीचा धूर चिमणीतून उलटा खाली ओढतो. धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येतो, त्याला वास नसतो. दोन्ही डक्ट वेगळे ठेवा आणि खाली हवा यायला जाळीची खिडकी कायम उघडी ठेवा. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही हा वायू येतो, म्हणून थंडीत किचनमध्ये दार लावून कुणी झोपू नये.

परदेशी मॅन्युअलमधली अंतरं नागपूरला तशीच लागू होतात का?

अंतरं तीच धरा, पण सूट घेऊ नका. त्या मर्यादा ‘खोलीच्या तापमानापेक्षा इतके अंश जास्त’ अशा हिशेबाने ठरलेल्या असतात. २५ अंशांच्या खोलीत तुळई ६५ अंशांनी तापली तर ९०. मे महिन्यात टिनाखालच्या किचनमध्ये हवाच ४५ असते, म्हणजे तीच तुळई ११० ला जाते. इथे डिसेंबरात बांधून बघितलेली भट्टी मेमध्ये पुन्हा तपासलीच पाहिजे.

भिंत किती तापली तर चालते? मोजायचं कसं?

भट्टी पूर्ण आचेवर चार तास चालवा आणि विझवल्यावर आणखी दोन तासांनी मागची भिंत, माळ्याची तुळई आणि चिमणीजवळची बल्ली इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. लाकडाजवळ ७५ अंशांच्या आत आलं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर तळहात टेकवा: पाच सेकंद ठेववला नाही तर ६० च्या आसपास आहे, आणि तेवढं कळलं तरी थर्मामीटर मागवायला पुरे. चकचकीत पत्र्यावर हे यंत्र कमी तापमान दाखवतं. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

नवी भट्टी पहिल्यांदा कधी पेटवायची?

सात दिवस हवेत वाळू द्या, पावसाळ्यात पंधरा. मग पहिल्या दिवशी मूठभर काड्या, दोन तास. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी जास्त, चौथ्या दिवशी अर्धी आच, सहाव्या दिवशी पूर्ण. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. आत अडकली तर सांधे आणि विटेचा चेहरा फोडून बाहेर येते. उद्घाटनाचा मुहूर्त आहे म्हणून पहिल्याच दिवशी शंभर माणसांचं मटण चढवलेली भट्टी नीट राहत नाही.

अस्तरात केसासारख्या भेगा येतात, त्या तापल्यावर मिटतात. ज्या भेगेत एक रुपयाचं नाणं उभं शिरतं, ती मॉर्टरने भरा. आणि गरम भट्टीवर पाणी ओतून ती विझवू नका.

लाकूड कुठलं?

बाभूळ किंवा धावडा, चिरून किमान एक उन्हाळा वाळलेला. ओलावा २० टक्क्यांच्या आत. जुनी झाडं काढलेल्या बागांमधलं संत्र्याचं लाकूडही चांगलं जळतं. ओलं लाकूड चिमणीत काजळी धरतं, आणि ती काजळी पेटली की पाइप लाल होतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याला चिमणीत ब्रश फिरवा. प्लायवूड आणि रंगाच्या फळ्या जाळू नका.

गॅसही आहे. सिलिंडर किती लांब?

भट्टीच्या खोलीत नकोच. बाहेर, हवेशीर जागी, जमिनीच्या पातळीखाली नाही अशा ठिकाणी ठेवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट भागात साचतो. व्यवसायाचं किचन असेल तर बांधण्याआधी महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाला नकाशा दाखवा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीपासून बचावाची जबाबदारी जागेच्या मालकावर आणि वापरणाऱ्यावर येते.

आमची जुनी भट्टी भिंतीला टेकूनच आहे, मागे सरकायला जागा नाही. पाडावीच लागेल का?

आधी भिंतीतलं लाकूड बघा. भट्टीच्या वर, माळ्याच्या तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथला गिलावा चार बोटं खरवडा. लाकूड फिकट आणि टणक असेल तर आतून उपाय करता येतो: आतल्या मागच्या भिंतीला २५ मिलिमीटरचा सिरॅमिक बोर्ड आणि त्यावर ३८ मिलिमीटरची स्प्लिट (अर्ध्या जाडीची) फायर ब्रिक. भट्टी ६५ मिलिमीटरने लहान होते, पण भिंतीकडे जाणारी उष्णता बरीच घटते. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे चार तास चालवून मोजा. ७५ च्या वर गेलं तर भट्टी पाडून जागा सोडूनच बांधायची.

स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर लाकडाचा तपकिरी-काळा चुरा पडत असेल, तर त्या भट्टीत आज काडीही लावू नका. तुळईला खालून लोखंडी आधार देऊन जळकं टोक कापून काढा, त्या जागी वीट भरा, आणि मग भट्टीचा विचार करा.